भिंगरी गेला, शिडी आला

लग्न होऊन त्या घरात येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले असतील. एका सकाळी खोलीतून बाहेर आले तर घर चिडीचूप. मामंजी, म्हणजे माझे सासरे, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेले, आणि समोरच्या चहावर साय धरलेली. एरवी एव्हाना खालच्या दुकानाचं शटर वर गेलेलं असायचं, हातोडीची टकटक जिन्यातून वर यायची. सासूबाई त्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी केस विंचरत होत्या. कोणी कोणाशी बोलेना. नव्या सुनेला अशा वेळी हात कुठे ठेवावेत तेही कळत नाही. मी हळूच सासूबाईंजवळ गेले आणि विचारलं, "आई, कोणी गेलं का?"

"भिंगरी गेला," त्या म्हणाल्या.

हा भिंगरी कोण, मला आठवेना. लग्नात इतक्या माणसांची ओळख करून दिली होती, त्यातलाच कोणी नात्यातला असेल असं धरून मी आवाज आणखी खाली आणला. "कशाने?"

"कशाने म्हणजे? एका उंच माणसाच्या बदल्यात."

मी खुर्ची ओढून बसलेच. मग आमच्या ह्यांनी दाढी करता करता मोरीतून ओरडून सांगितलं, की भिंगरी जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि तो आपला कोणी लागत नाही.

भिंगरी म्हणजे शहराच्या बास्केटबॉल संघातला सगळ्यात बुटका खेळाडू. आठ वर्षं इथून खेळत होता. चेंडू हातात आला की जागच्या जागी असा गरकन फिरायचा की अंगावर आलेला माणूस भलतीकडेच धावत सुटायचा, म्हणून हे नाव. त्या दिवशीच्या पेपरात बातमी होती: हंगाम अर्ध्यावर असताना क्लबने त्याला दुसऱ्या शहराच्या संघाला देऊन टाकलं होतं आणि त्याच्या बदल्यात त्यांचा एक ताडमाड खेळाडू घेतला होता. त्या खेळात अशी अदलाबदल चालते. खेळाडूला विचारायची पद्धत नाही. सकाळी सांगायचं, संध्याकाळी त्याने सामान बांधायचं.

"माणूस आहे की गॅसचा सिलिंडर?" मामंजी एकदम बोलले. "हा न्या, तो ठेवा!"

"काल दुपारपासून मला धास्ती होती तुम्ही असंच काहीतरी कराल म्हणून," सासूबाई म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली.

"काल दुपारपासून? बातमी तर आज आलीय."

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. बाहेरगावचे फोन तेव्हा हाताने जोडून द्यावे लागत, आणि दोन क्लबांमधला फोन त्यांच्याच हाताखालून गेला होता.

"तुला माहीत होतं? आणि काल माझ्यासमोर बसून पोटभर जेवलीस?"

"अहो, नोकरी आहे. लोकांचं बोलणं कानावर पडतं, पण ते तोंडातून बाहेर पडता कामा नये."

"मी काय लोक आहे?"

"आणि खरं सांगू का," सासूबाईंनी कंगवा खाली ठेवला, "बरं झालं दिला ते. आपल्याकडे उंचीच नाही. रिंगवरून परत आलेला एकही चेंडू आपल्या हाताला लागत नाही. असंच चाललं असतं तर प्लेऑफ विसरायचं होतं."

मामंजी उठले, थंड चहा एका घोटात प्यायले आणि जिना उतरून गेले. त्या दिवशी हातोडी जरा जास्तच जोरात वाजली.

मामंजी सोफे, खुर्च्या, गाद्या यांचं काम करायचे. फाटलेलं कापड काढायचं, आतला काथ्या आणि कापूस पिंजून परत भरायचा, स्प्रिंगा सुतळीने बांधायच्या, वर नवं कापड ताणून चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायच्या. चुका ते तोंडात धरायचे आणि जिभेने एकेक पुढे काढून हातोडीच्या चुंबकी टोकावर घ्यायचे. त्यामुळे काम करताना त्यांना बोलता यायचं नाही. बोलायला लागले म्हणजे काम थांबलं, हे गिऱ्हाइकालाही माहीत असायचं.

आमच्या दुकानात बसायला जागेची कधी कमी नव्हती. लोकांचे सोफे, आरामखुर्च्या, डॉक्टरांच्या दवाखान्यातला बाक असं काही ना काही दुरुस्तीला आलेलंच असायचं आणि त्यावर संध्याकाळी मंडळी जमायची. शेजारचा औषधवाला कायम कुठल्यातरी वकिलाच्या खुर्चीत बसलेला. निवृत्त गणिताचे मास्तर स्प्रिंग बाहेर आलेल्या सोफ्यावर, स्प्रिंग चुकवून. सासूबाई कामावरून येताना दारातच थांबायच्या, पाच मिनिटं म्हणून, आणि अर्धा तास उभ्यानेच भांडून वर यायच्या. मी चहा घेऊन खाली जायची. पहिल्या आठवड्यात कप ठेवून परत यायची. नंतर नंतर मीही एका लहान स्टुलावर टेकायला लागले. माझ्या माहेरी हा खेळ कोणी बघितलेला नव्हता. जे शिकले ते त्या दुकानात, भांडणातून शिकले.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी," मामंजी म्हणायचे. "आठ वर्षं ज्याने संघ ओढला, तो दिला. का, तर ठेंगणा आहे! ताड वाढला म्हणून कोणाला सावली देतो का?"

"सावली नको, रिबाउंड हवेत," सासूबाई दारातून.

"वहिनी बरोबर बोलतात," औषधवाला म्हणायचा. त्याची मान त्यांच्या बाजूला होती, पण खुर्ची मामंजींच्या दुकानात होती, त्यामुळे तो बेताने बोलायचा. "आपण सहावे आहोत. पहिले चार प्लेऑफला जातात. काहीतरी करायलाच हवं होतं."

मग मास्तर बोटं मोजत सुरू करायचे. "उरलेल्या सामन्यांतले निम्म्याहून जास्त आपण जिंकले, आणि वरचे दोघे घसरले, आणि त्यांच्या आपसातल्या सामन्यात पाचव्याने चौथ्याला हरवलं, तर..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर," मामंजी म्हणायचे, आणि विषय तिथे संपायचा. उद्यापर्यंत.

तो नवा खेळाडू आल्यापासून पहिले तीन सामने आपण हरलो. लोकांनी त्याचं नाव शिडी ठेवलं, आणि ते काही प्रेमाने ठेवलेलं नव्हतं. रिंगखाली तो नुसता उभा असायचा, उडी मारायचाच नाही. "शिडीच ती," मामंजी म्हणाले, "कोणीतरी चढायला हवं ना तिच्यावर." सासूबाई त्या आठवड्यात दारात थांबल्या नाहीत. थेट वर आल्या.

एका दुपारी मी चहा घेऊन खाली गेले होते. औषधवाला वकिलाच्या खुर्चीत होता. मामंजी जमिनीवर बसून एका खुर्चीला कापड ताणत होते, तोंडात चुका. एकाएकी दुकानात अंधारून आलं. बघते तर दारात एक माणूस उभा, आणि त्याचं डोकं दिसतच नव्हतं, चौकटीच्या वर होतं. मग तो कमरेत वाकला आणि आत आला.

"काका, गादीचं काम होतं," शिडी म्हणाला.

औषधवाल्याने चहाचा कप तोंडाला लावला तो काढलाच नाही. मामंजींनी तोंडातली एकेक चूक काढून वाटीत टाकली. मला वाटलं, आता काय होतंय कोण जाणे.

"बोला."

"क्लबने खोली दिलीय. पलंग लहान आहे. पाय बाहेर राहतात. खुर्ची लावून बघितली, पण ती सरकते. पाठ धरते."

"म्हणून उडी मारत नाहीस?"

"हो."

इतकं सरळ उत्तर मामंजींना अपेक्षित नव्हतं. हातातलं कापड सोडून त्यांनी विचारलं, "आल्यापासून असाच झोपतोस? क्लबला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. ते म्हणाले, भिंगरी याच पलंगावर आठ वर्षं झोपला. त्याची कधी तक्रार नव्हती."

औषधवाल्याला हसू आलं, पण मामंजींकडे बघून त्याने ते चहाबरोबर गिळलं. मामंजी हसले नव्हते. त्यांनी जमिनीवर तरट अंथरलं, शिडीला त्यावर आडवं केलं आणि टेप लावली. टेप घोट्यापाशीच संपली. उरलेलं त्यांनी वितीने मोजलं.

"घरी कोण असतं?" वीत टेकवता टेकवता त्यांनी विचारलं.

"बायको. सातवा महिना आहे, डॉक्टर तिला प्रवास करू देत नाहीत."

"इकडे यायचं का, असं विचारलं होतं तुला?"

"नाही. सरावाला गेलो तर माझ्या कपाटावरची नावाची पट्टी काढलेली होती." तो आडवा पडून छताकडे बघत बोलत होता. "इथे लोक माझ्याकडे बघतात आणि त्याला शोधतात, काका. मी तरी काय करू?"

मामंजींनी टेप गुंडाळली, हात झटकले. "गुरुवारी ये," एवढंच म्हणाले.

त्या गादीला त्यांनी फोम लावला नाही. काथ्याचा जाड थर, त्यावर कापूस, कमरेच्या जागी दुप्पट, आणि दाभणाने जवळजवळ टाके. पलंगाच्या पायथ्याशी बरोबर त्याच उंचीची एक लाकडी पेटी बसवून दिली, गादी तिच्यावरून सलग जाईल अशी. वकिलाची खुर्ची तशीच पडून राहिली. सासूबाईंना आयतीच संधी मिळाली.

"शत्रूची गादी भरताय म्हणे?"

"गादी कमरेची असते, क्लबची नसते," मामंजी म्हणाले. "निर्णय चूक तो चूक. पण त्या पोराने माझं काय घोडं मारलंय?"

सासूबाईंनी पुढे चिडवलं नाही. वर आल्यावर भांडी विसळता विसळता त्यांनी मला सांगितलं, की मामंजी या शहरात आले तेव्हा चौदा वर्षांचे होते. घरात खाणारी तोंडं फार, म्हणून वडिलांनी त्यांना एका लांबच्या मामाच्या दुकानात कामाला ठेवलं. तेच हे दुकान. विचारलं कोणीच नव्हतं. गाडीत बसवून दिलं होतं. सुरुवातीची दोन वर्षं ते दुकानातच, लोकांच्या सोफ्यांवर झोपत. सकाळी उठून कापडावरच्या सुरकुत्या हाताने साफ करायच्या, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. शहरात ओळखीचं कोणी नाही. मामाने एकदा हॉलमधल्या खुर्च्या दुरुस्त करायला पाठवलं, तिथे सराव चालला होता. एका खेळाडूने चेंडू त्यांच्याकडे टाकला आणि म्हणाला, "ए गादीवाल्या, दे इकडे." या शहरात मामाशिवाय त्यांच्याशी बोललेला तो पहिला माणूस. "तेव्हापासून हा संघ म्हणजे यांचं माहेर," सासूबाई म्हणाल्या. मग ताट पुसत म्हणाल्या, "म्हणून काही अदलाबदल चुकीची ठरत नाही."

शिडीची पाठ सुधारली. पुढच्या रविवारी तो उडाला. मी तेव्हा पहिल्यांदाच हॉलमध्ये गेले होते. बाहेर बोचरी थंडी आणि आत लाकडी जमिनीच्या पॉलिशचा, ओल्या कोटांचा वास; बुटांची चुईचुई इतकी की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. खुर्च्यांचं लाल रेक्झिन मामंजींनीच केव्हातरी चढवलेलं. मला त्यांनी दोघांच्या मधे बसवलं, दोन देशांच्या मधे सरहद्द असते तसं. शिडीने रिंगवरून परतलेला चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून अलगद उचलला की सासूबाई माझ्या गुडघ्यावर चापट मारायच्या. आणि आपला नवा बुटका खेळाडू घाबरून चेंडू घालवून बसला की मामंजी माझ्याच खांद्याला धरून म्हणायचे, "बघितलंस? भिंगरी असता तर?" सामना संपेस्तोवर माझा गुडघा आणि खांदा दोन्ही दुखायला लागले.

आपण जिंकत गेलो. सहाव्याचे पाचवे झालो. गल्लीत लोक म्हणायला लागले की हा सगळा गादीचा प्रताप. औषधवाला तर गिऱ्हाइकांना सांगायचा, "पाठीचं औषध नंतर घ्या, आधी शेजारी जा." मामंजी अवघडून जायचे. "मी या अदलाबदलीच्या विरुद्ध आहे," ते प्रत्येकाला बजावून सांगायचे आणि गादीची मापं घ्यायचे.

मग एका रविवारी भिंगरीचा नवा संघ आपल्याकडे खेळायला आला. तो दुसऱ्याच रंगाच्या बनियनमध्ये मैदानात आला तेव्हा अख्खा हॉल उभा राहिला. मामंजींनी इतक्या टाळ्या वाजवल्या की त्यांचे तळहात लाल झाले. पण सामना सुरू झाल्यावर भिंगरी आपल्याच पोरांना गरगर फिरवायला लागला, आणि त्याने पहिली बास्केट टाकली तेव्हा मामंजींचे हात सवयीने वर गेले. तिथेच थांबले. मग त्यांनी ते खाली आणले आणि कोटाच्या खिशात घातले. सामना संपेपर्यंत बाहेर काढले नाहीत. आपण जिंकलो, तरी सासूबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. उलट घरी जाताना त्यांनी मामंजींच्या खिशात आपला हात घातला. मी मुद्दाम दोन पावलं मागे राहिले.

तसा भिंगरी मजेत होता. सामन्यानंतर कठड्याशी येऊन तो म्हणाला, "काका, तिथे मला केवढा पलंग दिलाय! रात्री कूस बदलली की सकाळपर्यंत कडाच सापडत नाही." शिडीचाच पलंग तो.

शेवटच्या आठवड्यात वरचा एक संघ घसरला, आपण चौथे आलो आणि प्लेऑफला पोचलो. मास्तर दोन दिवस कोणालाही हिशेब समजावून सांगत हिंडत होते. पहिल्या फेरीत तीनपैकी दोन सामने जिंकायचे होते. एक जिंकलो, एक हरलो. तिसरा रविवारी, आपल्या हॉलमध्ये.

तो सामना मला आजही दिसतो. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत आपण पुढे होतो. मग शिडीचा पाचवा फाउल झाला. पाच झाले की माणूस बाहेर. तो बाकावर जाऊन बसला आणि त्याने टॉवेल तोंडावर ओढला. त्यानंतर रिंगवरून परतलेला प्रत्येक चेंडू त्यांचाच. होता होता ते एका गुणाने पुढे गेले. शेवटचा चेंडू मात्र आपल्याकडे होता. आपला तो बुटका पोरगा चेंडू घेऊन निघाला, समोर माणूस आला, पोरगा गोंधळला, चेंडू त्याच्याच बुटावर आपटला आणि बाहेर गेला. भोंगा वाजला.

हॉल रिकामा व्हायला लागला तरी आम्ही तिघं बसून होतो.

"भिंगरी असता तर तो चेंडू गेला नसता," मामंजी हळूच म्हणाले.

"शिडी नसता तर आपण इथवर आलोच नसतो," सासूबाई म्हणाल्या.

दोघांचंही खरं होतं. म्हणून तर ते भांडण कधी मिटलंच नाही.

शिडीला मुलगी झाली. बायको-मुलगी इकडे आल्या, आणि बाळाची गादीही आमच्याच दुकानातून गेली. अडीच वर्षं तो इथे होता. मग एका सकाळी पेपरात बातमी, की क्लबने त्याला देऊन त्याच्या बदल्यात दोन चपळ बुटके खेळाडू घेतले. मी खाली धावले. शटर बंद, मामंजी अंधारात बाकावर बसलेले.

"उंची लागते संघाला," मला बघून म्हणाले, "उंचीशिवाय काय करणार आहेत हे?"

वरून सासूबाईंचा आवाज आला, "बरं झालं! चेंडू नेणारं कोणी नव्हतंच आपल्याकडे!"

नंतर पुष्कळ वर्षं गेली. एक्स्चेंजमध्ये यंत्रं आली आणि सासूबाई निवृत्त झाल्या. मास्तर गेले. लोक जुना सोफा दुरुस्त करण्यापेक्षा नवा घ्यायला लागले. दुकानात बसायला जागा उरली नाही, कारण बसण्यासारखं काही दुरुस्तीला येईना. हॉल पाडला. नवा बांधला तो शहराबाहेर, प्लास्टिकच्या खुर्च्यांचा. मामंजी एकदा जाऊन आले, खुर्चीवर हात फिरवून म्हणाले, "याच्या पोटात काहीच नाही," आणि परत गेले नाहीत. टीव्हीवर मात्र एकही सामना चुकवला नाही. ते गेले तेव्हा ऐन उन्हाळा होता. सामने नव्हते, खेळाडूंच्या बातम्या नव्हत्या. मला वेड्यासारखं वाटत राहिलं, की हंगाम चालू असता तर त्यांनी अजून थोडी कळ काढली असती.

सासूबाई आता त्र्याऐंशीच्या आहेत. कान, जे त्यांचं भांडवल होतं, ते मंद झालेत. परवा टीव्हीवर क्लबच्या कुठल्याशा नव्या अदलाबदलीची बातमी लागली होती. आमचे हे बघून म्हणाले, "खेळ आहे, चालायचंच," आणि झोपायला गेले. आम्ही दोघीच उरलो. इतकी वर्षं मनात असलेलं मी तेव्हा विचारलं.

"आई, एक विचारू? त्या वेळी तुम्हाला ती अदलाबदल खरंच पटली होती? की मामंजींनी घुम्यासारखं बसू नये, बोलतं राहावं, म्हणून तुम्ही मुद्दाम उलट बाजू घेतलीत?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मुद्दाम? मी कशाला मुद्दाम घेऊ? अगं, पटली होती मला. आजही पटते. रिंगखाली आपलं कोणी नव्हतंच! ते चूक होते. शेवटपर्यंत चूक होते." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "एकदा तरी कबूल करायचं होतं ना माणसाने. आता कोणाला सांगू?"

मी मग टीव्हीचा आवाज बंद केला आणि खुर्ची त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला ओढली.

"पण आई," मी म्हटलं, "शेवटचा चेंडू आपल्याकडे होता. भिंगरी असता तर?"

त्यांनी चष्मा घातला, आणि ताठ बसल्या.